वाजवून पाहिलेली प्रत

आमच्या घरमालकांना, म्हणजे काकांना, कुठलीही वस्तू घेण्याआधी एकच गोष्ट जाणून घ्यायची असे: ती बिघडली की उघडायची कशी.

चिंचवडमधल्या एका दुकानात मी त्यांच्याबरोबर होतो. आत स्वेटर घालून यावं इतका थंडावा, आणि समोर घरी ठेवायच्या छोट्या सर्व्हरची काळी, गुळगुळीत पेटी. विक्रेता तिचे गुण स्थळ सुचवणाऱ्याच्या उत्साहानं सांगत होता. काकांनी पेटी उलटी केली, खालून पाहिली, कडेनं बोट फिरवलं. एकही स्क्रू हाताला लागेना.

"हे बिघडलं की उघडायचं कसं?"

"सर, हे बिघडतच नाही."

काकांनी पेटी अलगद परत ठेवली, "थँक यू" म्हणाले आणि बाहेर पडले. मी मागोमाग. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "आपलं मशीन कसं मरतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडून ते घ्यायचं नाही. एकतर तो खोटं बोलतोय, नाहीतर त्यानं ते कधी चालवलेलं नाही."

तोवर अशा बऱ्याच पेट्या नापास झाल्या होत्या.

मी तेव्हा निगडी प्राधिकरणात त्यांच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. चाकणच्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिण्याचं माझं काम. म्हणजे यंत्र चालू असताना जी कुणी उघडत नाही आणि बंद पडल्यावर जी सापडत नाहीत, ती पुस्तकं. घर बघायला गेलो तेव्हा काकांनी पगार, जात, खाणंपिणं यातलं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "वाचणाऱ्याच्या हाताला ग्रीस असतं, हे लक्षात ठेवून लिहिता का?" मी नाही म्हणालो. "खरं बोललात," ते म्हणाले, "सामान आणा."

एका मोठ्या वाहन कारखान्यात ते मेंटेनन्सचे प्रमुख होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कारखाना त्यांच्यातून निवृत्त झालेला नव्हता. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून त्यांचा रविवार अजून गुरुवारीच उगवायचा. बाकीचं जग रविवारी नातेवाइकांकडे जाई, तेव्हा काका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून घरातला पाण्याचा पंप तपासत. घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्यांच्या मते गेटपास लागे. शेजारच्यांनी शिडी मागितली की काका ती द्यायचे, पण संध्याकाळी फाटकाशी उभे राहून ती परत येण्याची वाट पाहायचे, आणि आल्यावर तिच्या पायऱ्या हलवून बघायचे.

त्यांच्या खिशात एक लांब स्क्रू-ड्रायव्हर असे. त्याचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग कसं आहे ते त्यांना असं कळायचं. कारखान्यात पुष्कळ जण हे करतात. काका फ्रिजवर, मिक्सरवर आणि पाहुण्यांच्या मोटारीवरही करायचे. एकदा माझ्या खोलीतला पंखा ऐकून त्यांनी सांगितलं, "याचा हा शेवटचा उन्हाळा." त्यानंतर मी त्या पंख्याखाली झोपायचो ते त्याला भेटायला आल्यासारखा.

"बिघडणार हे धरूनच चालायचं," ते म्हणत. "प्रश्न एवढाच, कुठल्या शिफ्टला."

त्यांच्या पत्नी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. अर्ध्या निगडीला त्यांनी बाराखडी शिकवलेली असल्यामुळे सगळे त्यांना बाई म्हणत, आणि काका घाबरलेले असले की तेही बाईच म्हणत. एरवी "अहो ऐकलंत का". सर्व्हरचं हे सारं प्रकरण खरं तर बाईंच्या वडिलांमुळे सुरू झालं होतं.

वडील नगरकडून आलेले, ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर. दिवसा लोखंड ओतायचे आणि सुट्टीच्या दिवशी गाणी. त्यांची एक गायन पार्टी होती; जयंतीला, नामकरणाला, विहाराच्या कोनशिलेला वस्तीवस्तीत गायची. बाबासाहेबांवरची गाणी होती, तशीच कारखान्यावरचीही. एक मला पाठ आहे: "भोंग्यानं उठवलं, भोंग्यानं निजवलं, मधी माणूस कोण त्ये कुनी न्हाई पुसलं." या माणसाची एकही कॅसेट बाजारात निघाली नाही. लिहिलेलं असं काही उरलं नाही, कारण ते लिहीत नसत. उरला तो आवाज, तोही त्या वेळच्या नव्या जावयानं, म्हणजे काकांनी, हप्त्यावर घेतलेल्या टेपरेकॉर्डरवर धरून ठेवला म्हणून.

त्या कॅसेटी काकांनी पुढे संगणकावर उतरवून घेतल्या. नंतर कॅसेटींना बुरशी लागली आणि त्या वाजेनाशा झाल्या. तेव्हा बाईंच्या वडिलांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता: टेबलावर, टीव्हीशेजारी, क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेल्या एका जुन्या हार्ड डिस्कमध्ये. ती गेली की वडील दुसऱ्यांदा जाणार, हे बाईंना ठाऊक होतं, आणि काकांना तर होतंच. म्हणूनच सर्व्हर घ्यायचा होता. आणि म्हणूनच, काका असल्यामुळे, तो घेतला जात नव्हता.

दर गुरुवारी पार्किंगमध्ये खरेदीची मीटिंग भरे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शाळेतून बाद झालेला एक फळा, अध्यक्षस्थानी काका. मी 'वापरणारा विभाग' होतो, जरी वापरायला माझं काहीच नव्हतं. बाई चहा घेऊन येत, पण बसत नसत. "मी पाहुणी आहे," म्हणत.

काकांच्या अपेक्षा मोठ्या नव्हत्या, फक्त तडजोड नसलेल्या होत्या. सर्व्हरमध्ये गाण्यांची साठवण हवी. एक डिस्क मेली तरी बाकीच्यांनी काम ओढायला हवं. मेमरी अशी हवी की स्वतःची चूक स्वतः पकडेल. "माणसात मिळत नाही," ते म्हणाले, "निदान मशीनमध्ये तरी." वीज गेली तर यूपीएसनं सर्व्हरला सांगून रीतसर झोपवायला हवं. आणि एका यंत्राच्या पोटात तीन वेगळी यंत्रं चालायला हवीत: एक गाण्यांसाठी, एक फाटकावरच्या कॅमेऱ्यासाठी (ज्यात मुख्यतः मांजरं दिसत) आणि एक खास बाईंसाठी. बाईंनी शाळेत असताना मुलांसाठी नाटुकली लिहिली होती, ती जुन्या काळच्या एका मराठी फाँटमध्ये. नव्या संगणकावर ती उघडली की नुसती खडी आणि दगड दिसत. ती वाचायला तो जुना संगणक जसाच्या तसा नव्याच्या पोटात जिवंत ठेवावा लागणार होता.

मला हे पोटातल्या यंत्रांचं नीट कळेना. काकांनी सांगितलं ते मी पुढे आमच्या कंपनीच्या एका पुस्तकात जवळजवळ तसंच वापरलं. "एक लेथ. तीन शिफ्टचे तीन ऑपरेटर. प्रत्येकाला वाटतं मशीन आपलंच आहे. तसंच हे, फक्त तिघंही एकाच वेळी कामावर."

"आणि भांडणं?"

"त्यासाठी सुपरवायझर लागतो. सगळं त्याच्यावर असतं."

काकांचा एक भाचा हिंजवडीला आयटीत होता. तो एका गुरुवारी आला, फळा वाचला आणि हसू आवरत म्हणाला, "मामा, अहो एवढं कशाला? क्लाउडवर टाका ना. दहा मिनिटांचं काम."

"क्लाउड म्हणजे कुठं?"

"म्हणजे... त्यांच्या डेटा सेंटरला."

"म्हणजे दुसऱ्याच्या प्लांटमध्ये आपलं मशीन. तिथं मला गेटपास मिळेल?"

"तिथं कुणालाच नाही मिळत, मामा."

"मग बिघडलं हे मला कोण सांगणार?"

"ई-मेल येतो."

काकांनी फळ्यावर 'क्लाउड' लिहिलं आणि त्यापुढे 'ई-मेल येतो' असं लिहून खाली रेघ मारली. कित्येक आठवडे ते कुणी पुसलं नाही.

आता मला मान्य करायला हवं की या सगळ्यात काका चूक होते असं म्हणणं सोपं नव्हतं. त्याच सुमारास आमच्या कंपनीनं नव्या सर्व्हर रूमचं उद्घाटन केलं. नारळ फुटला, फीत कापली, वरच्या साहेबांनी 'डेटा हीच संस्कृती' या अर्थाचं काहीतरी पाऊण तास सांगितलं आणि सगळ्यांना त्या दिवसाचा छापील टी-शर्ट मिळाला. घरी येऊन मी काकांना तो टी-शर्ट दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन शिवण पाहिली आणि विचारलं, "दुसरी प्रत कुठंय? आणि ती वाजवून पाहिली का?"

"वाजवून म्हणजे?"

"उघडून, चालवून. नुसती ठेवलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे, समजूत आहे. वाजवून पाहिली की प्रत."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत सहज विचारलं. ज्यांना विचारलं त्यांनी माझ्याकडे, उद्घाटनाला काळा शर्ट घालून आलेल्या माणसाकडे पाहावं, तसं पाहिलं.

मध्यंतरी कुदळवाडीच्या भंगार बाजारातून काकांनी एका मोठ्या कार्यालयाचा निवृत्त सर्व्हर चाचणीसाठी आणला. लांबलचक, पाटासारखा चपटा, चार माणसांनी उचलावा असा. पार्किंगमध्ये लाकडी ठोकळ्यांवर ठेवून, वर पाण्यानं भरलेला स्टीलचा ग्लास ठेवून त्यांनी तो सुरू केला. पाण्यावर तरंग उठतात का ते पाहायचं होतं. तरंग उठले की नाही हे कुणाला आठवत नाही, कारण पंख्यांचा जो आवाज सुरू झाला त्यानं समोरच्या बंगल्यातले गृहस्थ विमान पाहायला गच्चीवर गेले. बाई आतून आल्या.

"अहो, कंप्रेसर बसवलात का घरात?"

"सुरुवातीला जोरात चालतो. नंतर शांत होतो."

"तुमच्याबद्दल माझ्या आईलाही असंच सांगितलं होतं."

तो सर्व्हर परत गेला. गेटपासासह.

डिस्कच्या बाबतीत मात्र त्यांचा नियम असा होता की तो ऐकून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गमतीच्या नजरेनं पाहणं थांबवलं. चार डिस्क घ्यायच्या होत्या, पण एका दुकानातून, एका खोक्यातून नव्हे. वेगवेगळ्या जागी, महिने सोडून, वेगवेगळ्या खेपेच्या. मी म्हणालो, काका, सूट मिळाली असती.

त्यांनी खडू हातात घेतला. मग म्हणाले, "आमच्या खात्यात सगळी भरती एकदमच झाली होती. प्लांट नवा होता, आम्ही सगळे पंचविशीतले. बरोबर शिकलो, बरोबर लग्नं केली, एकमेकांच्या बारशाला जेवलो. मग स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सगळे बरोबर गेले. पुढच्या महिन्यात पत्रा दाबणारी एक प्रेस बंद पडली. ती कशी चालू करायची हे माहीत असलेला एकही माणूस गेटच्या आत नव्हता. मला घरी फोन आला. मी फोनवर सांगितलं. पण तो आवाज ऐकल्याशिवाय काय सांगणार?"

"मग?"

"मग काय. विकली भंगारात. चांगलं मशीन होतं." त्यांनी खडू खाली ठेवला. "एकदम जन्मलेले एकदम जातात. एवढंच."

अशा रीतीनं पहिली डिस्क घेतली गेली. ती नवी कोरी, चांदीच्या रंगाच्या पिशवीत, कपाटातल्या वरच्या कप्प्यात भावंडांची वाट पाहत बसली. आणि खाली टीव्हीशेजारी, रुमालाखाली, जुनी डिस्क एकटीच चालत राहिली.

बाईंनी ते पाहिलं. एका गुरुवारी चहाचा ट्रे ठेवून पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसल्या.

"त्या रिकाम्या डिस्कवर बाबांची गाणी टाका. तोवर तरी."

"ती स्पेअर आहे. स्पेअर वापरला की स्पेअर राहत नाही."

"मग दुसरी साधी घ्या. बाजारात मिळते तशी."

"तात्पुरतं करायचं नाही."

"का पण?"

काकांनी चहाचा कप पुढे ओढला. हे 'तात्पुरतं' मी आधीही ऐकलं होतं. त्यांच्या घरात नळालाही कधी दोरी बांधली गेली नाही. त्यामागचं कारण मला नंतर बाईंनीच सांगितलं. कारखान्यात एका प्रेसची सुरक्षेची कळ बिघडली होती. माल घाईचा होता. कुणीतरी दोन वायरी एकमेकींना पिळून ती कळ चुकवली आणि वर कागद चिकटवला, 'तात्पुरते'. कागद पिवळा पडला, वायरी तशाच राहिल्या. मग एके दिवशी काकांच्या हाताखालच्या एका माणसाची तीन बोटं गेली. वायरी काकांनी पिळल्या नव्हत्या, पण पिवळा कागद त्यांनी रोज पाहिला होता. तेव्हापासून त्यांच्या कोशात हा शब्द नव्हता.

माणूस एका जागी भाजला की सगळीकडे फुंकर मारत सुटतो. पण आगीच्या भीतीनं त्यानं दिवाच लावला नाही, तर घरच्यांनी अंधारात किती बसायचं? बाईंनी हे असं काही म्हटलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं ठरेपर्यंत ती डिस्क थांबेल का, ते तिला विचारा," आणि कप उचलून आत गेल्या.

डिस्क थांबली नाही.

उन्हाळा लागला होता. सकाळची वेळ, काका मला हाक मारायला स्वतः वर आले, हे कधी घडत नसे. खाली टीव्हीशेजारी बाई उभ्या होत्या. रुमाल बाजूला काढलेला. डिस्कमधून बारीक टक, टक, टक असा आवाज येत होता, कुणीतरी आतून दार वाजवावं तसा. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक तिच्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आम्ही दोघं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. खूप वेळ त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटतं, त्यांना उत्तर पहिल्याच क्षणी कळलं होतं.

"गेली," ते म्हणाले.

पुण्यात अशा डिस्क उघडणारे लोक असतात. भाचा ती घेऊन गेला आणि तशीच घेऊन आला. आतली तबकडीच खरवडली गेली होती. त्या गुरुवारी मीटिंग झाली नाही. काका पार्किंगमध्ये बसले होते, पण फळ्याकडे पाठ करून. पाण्याचा पंप कुरकुरत होता आणि ते उठले नाहीत. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. अपघात कुणाच्याही हातून होतो. पण हा अपघात त्यांनी दोन वर्षं खपून, एकही पायरी न गाळता घडवला होता, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

बाई बाहेर आल्या. हात पदराला पुसत उभ्या राहिल्या.

"माझ्याकडून एक झालंय," त्या म्हणाल्या.

काकांनी वर पाहिलं.

"तुम्ही सकाळी टेकडीवर फिरायला जाता ना, तेव्हा मी गाणी देत होते. पेनड्राइव्हवर, फोनवर. लोकांना."

"कुणाला?"

"मागितली त्याला. विहारातल्या बायकांना. पार्टीत ढोलकी वाजवायचे त्यांच्या सुनेला. माझ्या शाळेतल्या पोरांना. आता पोरं कसली, बापे झालेत."

"मी म्हटलं होतं, खरखर काढून साफ प्रत होईपर्यंत बाहेर जाऊ द्यायची नाहीत." सवयीनं काकांचा आवाज मेंटेनन्स प्रमुखाचा झाला. "कुणाला काय दिलं, नोंद?"

"नोंद कशाला ठेवू? गाणी दिली, शिडी नाही दिली."

मी त्या क्षणी काकांकडे पाहत होतो. इतका हरलेला आणि इतका सुटलेला चेहरा मी एकाच माणसावर एकाच वेळी पुन्हा पाहिलेला नाही.

"बाई," ते म्हणाले.

पुढचे काही गुरुवार पार्किंगमध्ये जत्रा होती. बाईंनी निरोप पाठवला आणि माणसं येऊ लागली: देहूरोडहून, पिंपरीहून, एक जण थेट आळंदीहून. "जय भीम बाई" म्हणून खुर्चीवर बसायची, फोन पुढे करायची. काका एकेक फोन हातात घ्यायचे, वायर लावायचे आणि गाणी उतरवून घ्यायचे, त्याच स्पेअर डिस्कवर. तिची चांदीची पिशवी फळ्याखाली पडली होती आणि ती उचलायचं त्यांना सुचलं नव्हतं. गाण्यांची नावं मात्र लोकांनी आपापल्या सोयीनं ठेवलेली: 'आजोबा भारी', 'भोंगा', 'बाईंचे बाबा', एकाचं नुसतं 'झोपताना'.

"हे कुठलं वर्गीकरण?" काका कुरकुरले.

"ज्याला जसं लागतं तसं," बाई म्हणाल्या.

जवळजवळ सगळी गाणी परत आली. बाई प्रत्येक गाणं लावून ऐकत होत्या, पण दुसरं कडवं येईपर्यंत थांबत नव्हत्या. सुरुवात ऐकायच्या आणि पुढच्याला हात घालायच्या. दोन गुरुवार मी ते पाहिलं आणि मग विचारलं, बाई, काय शोधताय?

त्यांनी काकांकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "टेप चालू केली की हे आधी बोलायचे. वार सांगायचे आणि म्हणायचे, चाचणी, ऐकू येतंय का? मग बाबा त्यांना काहीतरी टाकून बोलायचे. बाबांचं गाणं आहे हो सगळीकडे. बोलणं तेवढंच होतं. लोकांनी ते कापून टाकलंय. बरोबरच आहे, गाणं ऐकायचं असतं माणसाला."

काकांनी ऐकलं होतं. "वायफळ होतं ते," ते म्हणाले आणि वायर गुंडाळू लागले. पण त्यानंतर प्रत्येक फोन जोडताना तेही सुरुवातीशी थांबू लागले.

शेवटी एक रिक्षावाला आला. निगडी-भोसरी मार्गावर शेअर रिक्षा चालवायचा. बाईंचा विद्यार्थी. रिक्षातल्या स्पीकरचं कार्डच काढून आणलं होतं त्यानं. ते लावलं. आधी खरखर, मग भांड्यांचा आवाज, मग एका तरुण, फार गंभीर माणसाचा आवाज: "गुरुवार. चाचणी. ऐकू येतंय का?" आणि त्यावर दुरून, खाकरत, भट्टीवर घसा भाजलेला दुसरा आवाज: "येतंय जावईबापू, येतंय. आता तुमी गप बसा."

मागे कुणीतरी हसलं. मग ढोलकी सुरू झाली.

बाई बसल्या होत्या तिथेच बसून राहिल्या. रिक्षावाला ओशाळला. "मला कापता येत नाही ना बाई. तुम्ही दिलं तसंच वाजतंय. पॅसेंजर विचारतात, हे कोण गप बसा म्हणतंय."

"शाळेत तरी तुला कुठं कात्री धरता यायची," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसले.

सर्व्हर त्यानंतर महिन्याभरात झाला. त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं: एका बंद पडलेल्या ऑफिसातला जुना, जाड, मुकाट संगणक, ज्याचं झाकण दोन स्क्रू काढले की उघडतं. चूक पकडणारी मेमरी त्यात निघाली. डिस्क मात्र वेगवेगळ्या खेपेच्याच. भाच्यानं एका दुपारी त्याच्या पोटात तिन्ही यंत्रं बसवून दिली. बाईंची नाटुकली खडीदगडांतून बाहेर आली. मांजरं कॅमेऱ्यात दिसू लागली. गाण्यांची खरखर काकांनी काढली नाही, आणि नावंही बदलली नाहीत.

पुढे लग्न ठरल्यावर मी तळेगावला घर घेतलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा काकांनी माझ्या हातात एक साधी, बाजारात मिळते तशी डिस्क दिली. सगळी गाणी होती तिच्यावर. "एक प्रत गेटबाहेर हवी," ते म्हणाले. "आमच्याकडे आग लागली, पाणी शिरलं, तर." गेटपास मागायचा विनोद माझ्या ओठांवर आला होता, पण डिस्कवर चिकटवलेला कागद वाचला आणि विनोद तिथेच राहिला. त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'तात्पुरते'.

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी फोन यायचा. मी कसा आहे, मुलं कशी आहेत, यातलं काही नाही. "लावा." मी डिस्क जोडायची, ते पहिलं ध्वनिमुद्रण सुरू करायचं आणि फोन स्पीकरजवळ धरायचा. "गुरुवार. चाचणी. ऐकू येतंय का?" एवढं झालं की काका म्हणत, "ठीक. बंद करा." सासऱ्यांना बोलायची संधी त्यांनी कधी दिली नाही. माझ्या बायकोला सुरुवातीला हा माणूस विक्षिप्त वाटला. पुढे गुरुवारी फोनला उशीर झाला की तीच घड्याळाकडे बघायची.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. हृदयविकारानं, दिवसाउजेडी, पार्किंगमध्ये खुर्चीवर बसलेले असताना. मी जाऊन आलो. फळा पुसलेला नव्हता. 'ई-मेल येतो' अजून पुसट दिसत होतं. त्यानंतरचा गुरुवार तसाच गेला. मी डिस्क काढली नाही. कुणासाठी काढायची?

त्याच्या पुढच्या गुरुवारी, नेहमीच्या वेळेला फोन वाजला. बाई होत्या.

"वाजवून बघायचं असतं ना आज?" त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरी सर्व्हर चालू होता, तेच गाणं त्यात होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी डिस्क जोडली आणि फोन स्पीकरजवळ धरला. खरखर आली, भांडी वाजली.

"गुरुवार. चाचणी. ऐकू येतंय का?"

"येतंय हो," फोनमधून बाई म्हणाल्या.

मी बंद केलं नाही.